नवं टोरंट अ‍ॅप कसं असावं? वऱ्हाडातल्या शाळेच्या संगणक कक्षासाठी एक विचार



अकरावी-बारावीचे संगणकाचे विद्यार्थी आणि डिप्लोमाला गेलेले आपले माजी विद्यार्थी प्रोजेक्टसाठी नेहमी विषय शोधत असतात. बहुतेक वेळा तेच ते विषय येतात: ग्रंथालय व्यवस्थापन, हजेरीपट, दुकानाचं बिल. आज एक वेगळा विषय बघू. समजा तुम्हाला नवं टोरंट अ‍ॅप तयार करायचं आहे, तर त्यात कोणत्या सोयी हव्यात?

'टोरंट' म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर चोरीचे सिनेमेच येतात. पण टोरंट ही फाइल वाटण्याची एक पद्धत आहे. सुरीनं कांदाही चिरता येतो आणि बोटही कापतं, तसंच हे आहे. उबुंटू आणि डेबियनसारख्या मोफत ऑपरेटिंग सिस्टीम अधिकृतपणे टोरंटनं मिळतात. इंटरनेट अर्काइव्ह हे मोठं डिजिटल ग्रंथालय २०१२ पासून आपल्या लाखो वस्तू टोरंटनंही देतं. इंटरनेटशिवाय विकिपीडिया वाचता यावा म्हणून असलेल्या किविक्सच्या फाइलीही टोरंटनं घेता येतात, आणि त्यात मराठी विकिपीडियासुद्धा आहे.

म्हणजे अमरावती-अकोल्याच्या शाळांना कामाच्या अशा बऱ्याच गोष्टी टोरंटवर आहेत. मग अडतं कुठं? आजची बरीचशी अ‍ॅप्स अशा माणसासाठी बनलेली आहेत ज्याच्याकडे वेगवान नेट आहे, अमर्याद डेटा आहे आणि ज्याची वीज कधी जात नाही. धारणी-चिखलदऱ्याकडच्या किंवा बार्शीटाकळी-पातूरकडच्या विद्यार्थ्याची गरज वेगळी असते. ती गरज समोर ठेवून यादी करू. चला तर मग!

आधी समजून घेऊ: टोरंट चालतं कसं?

बिटटोरंट ही पद्धत ब्रॅम कोहेन या अमेरिकन प्रोग्रामरनं २००१ मध्ये तयार केली. तिची कल्पना झेरॉक्सच्या उदाहरणानं पटकन समजते.

वर्गात ४० विद्यार्थी आहेत आणि सरांकडे २०० पानांच्या नोट्सची एकच प्रत आहे. सरांनी प्रत्येकाला पूर्ण संच काढून दिला, तर ४० × २०० = ८,००० पानं सरांनाच काढावी लागतील. आता दुसरी रीत बघा. सर प्रत्येकाला वेगवेगळी ५ पानं देतात. सरांचं काम २०० पानांत संपलं. पुढं विद्यार्थी आपसात देवाणघेवाण करतात: 'माझी ११ ते १५ घे, तुझी ३६ ते ४० दे.' थोड्या वेळात सगळ्यांकडे पूर्ण संच असतो. गंमत म्हणजे विद्यार्थी वाढले तर देणारे हातही वाढतात. साध्या डाउनलोडमध्ये गर्दी झाली की वेग कमी होतो, पण टोरंटमध्ये गर्दीचा फायदा होतो.

यातले काही शब्द लक्षात ठेवा.

- तुकडा: मोठ्या फाइलचे समान भाग केले जातात. ६ जीबीच्या फाइलचे ४ एमबीचे तुकडे केले, तर सुमारे दीड हजार होतात.
- हॅश: प्रत्येक तुकड्याचा अंगठ्याचा ठसा. तुकड्यात एका अक्षराचा जरी बदल झाला, तरी ठसा जुळत नाही. मूळ पद्धतीत प्रत्येक ठसा २० बाइटचा असतो. म्हणजे दीड हजार तुकड्यांचे ठसे ३० केबीत मावतात! ३० केबीची छोटीशी टोरंट फाइल ६ जीबीची राखण करते.
- सीडर: ज्याच्याकडे पूर्ण फाइल आहे आणि जो ती वाटतो आहे. सीड म्हणजे बियाणं. कपाशी-तुरीच्या मुलखात हा शब्द वेगळा समजावून सांगायची गरज नाही. बियाणं राखून ठेवणारा असेल तरच पुढच्या वर्षी पेरणी होते.
- स्वार्म: एकाच फाइलची देवाणघेवाण करणारे सगळे संगणक. आपण त्याला मोहोळ म्हणू.

मोहोळात एकमेकांना शोधायचं कसं? पूर्वी यासाठी ट्रॅकर नावाचा एक मधला संगणक लागायचा. तो बंद पडला की सगळं ठप्प व्हायचं. नंतर डीएचटी ही पद्धत आली. तिच्यात कोणाकडे कोणती फाइल आहे याचा पत्ता हजारो संगणकांत थोडा थोडा विभागलेला असतो. गावातला एक माणूस सगळ्यांचे पत्ते सांगत नाही, पण 'त्या गल्लीत विचारा' असं म्हणत म्हणत प्रत्येक जण तुम्हाला घराजवळ नेऊन सोडतो, तसंच हे.

पाया इथपर्यंत पुरे. आता आपल्या नव्या अ‍ॅपमध्ये काय काय हवं, ते एकेक करून बघू.

१. वीज गेली तरी काम वाया जाऊ नये

ही आपली पहिली अट. शाळेच्या संगणक कक्षात इन्व्हर्टर असेलच असं नाही. साधं डाउनलोड ५ जीबीवर तुटलं तर कधी कधी पुन्हा शून्यापासून सुरू होतं. टोरंटमध्ये तसं होण्याचं कारण नाही, कारण पूर्ण झालेला प्रत्येक तुकडा ठशानं तपासलेला असतो. वीज गेली तर जास्तीत जास्त त्या क्षणी अर्धवट असलेले तुकडे जातील.

पण त्यासाठी अ‍ॅपनं दोन गोष्टी नीट केल्या पाहिजेत. कोणते तुकडे पूर्ण झाले याची नोंद थोड्या थोड्या वेळानं डिस्कवर लिहायची. फक्त अ‍ॅप बंद करताना लिहून चालणार नाही, कारण वीज सांगून जात नाही. दुसरं म्हणजे नोंद बिघडलीच, तर डिस्कवरची फाइल स्वतः तपासून घ्यायची आणि चांगले तुकडे ठेवून पुढं चालू करायचं. विद्यार्थ्यानं काही दाबायची गरज पडू नये. संगणक सुरू झाला की डाउनलोडही आपोआप पुढं सुरू व्हावं.

२. डेटा हा पैसा आहे, त्याचा हिशेब ठेवावा

अनेक घरांत नेट म्हणजे वडिलांच्या मोबाइलचा हॉटस्पॉट. रोजचा १.५ जीबीचा पॅक असेल, तर ६ जीबीची फाइल म्हणजे त्या घराचा पूर्ण ४ दिवसांचा डेटा. त्यातून अपलोडही त्याच पॅकमधून कापला जातो. अ‍ॅप मागं गुपचूप चालू राहिलं, तर संध्याकाळी बाजारभाव पाहायला किंवा पैसे पाठवायला नेटच उरत नाही.

म्हणून अ‍ॅपमध्ये हे हवंच:

- रोजची आणि महिन्याची मर्यादा. डाउनलोड व अपलोड दोन्ही मिळून मोजायचे. मर्यादा संपली की आपोआप थांबायचं.
- वेळापत्रक. रात्री ११ ते सकाळी ६ असं ठरवता यावं.
- मोबाइल डेटा आणि वायफाय यांतला फरक ओळखणं. हॉटस्पॉट असेल तर आधी विचारणं.
- फाइल निवडणं. २० व्हिडिओंच्या संचातले ३ हवे असतील तर ३च घेता यावेत.

वेगाचा आकडा तर प्रत्येक अ‍ॅप मोठ्या अक्षरात दाखवतं. आपल्या अ‍ॅपनं त्याच्या शेजारी 'आज एवढा डेटा गेला, एवढा उरला' हेही तितक्याच मोठ्या अक्षरात दाखवावं.

३. शेजारच्या संगणकावर आहे, तर बाहेरून कशाला?

माझ्या मते शाळेसाठी ही सर्वांत मोलाची सोय. गणित करून बघू.

शाळेत २० संगणक आहेत, नेट १० एमबीपीएसचं आहे आणि प्रत्येकावर ६ जीबीची फाइल हवी आहे. ६ जीबी म्हणजे ४८,००० मेगाबिट. १० नं भागलं तर ४,८०० सेकंद, म्हणजे ८० मिनिटं. हे झालं एका संगणकाचं. २० संगणकांनी वेगवेगळं घेतलं तर १,६०० मिनिटं, म्हणजे २६ तास ४० मिनिटं! आणि डेटा १२० जीबी.

आता स्थानिक शोधाची सोय असलेलं टोरंट अ‍ॅप लावा. प्रत्येक संगणक आपल्या लॅनवर हाक मारतो: 'ही फाइल आणखी कोण घेतंय?' बाकीचे १९ ओ देतात. मग बाहेरून प्रत्येक तुकडा साधारण एकदाच येतो आणि आतल्या आत वाटला जातो. लॅन १०० एमबीपीएसची असली तरी ती नेटच्या दहापट वेगवान आहे. म्हणजे २० संगणकांचं काम ८० मिनिटांच्या आसपास उरकतं आणि डेटा जातो ६ जीबीच्या जवळपास.

ही सोय काही अ‍ॅप्समध्ये आजही आहे, पण सेटिंगच्या आत कुठंतरी दडलेली असते. आपल्या अ‍ॅपमध्ये ती सुरुवातीपासून चालू असावी. वेगाची आणि डेटाची मर्यादा फक्त बाहेरच्या नेटला लागू व्हावी, लॅनला नाही. काही वायफाय राउटर एका उपकरणाला दुसऱ्याशी बोलूच देत नाहीत. तसं असेल तर अ‍ॅपनं सरळ मराठीत सांगावं: 'शेजारचे संगणक दिसत नाहीत, राउटरची सेटिंग तपासा.'

मेळघाटातलं हरिसाल २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून सगळीकडे गाजलं, हे तुम्ही ऐकलं असेल. गावात नेट येणं ही पहिली पायरी. गावात एका ठिकाणी आलेली गोष्ट बाकीच्यांपर्यंत कमी खर्चात पोहोचवणं ही दुसरी. स्थानिक देवाणघेवाण ही दुसरी पायरी सोपी करते.

४. पेनड्राइव्हवर आलेली फाइल ओळखता यावी

आपल्याकडे अजूनही सगळ्यांत वेगवान नेट म्हणजे अमरावतीहून एसटीनं आलेला पेनड्राइव्ह! मग अ‍ॅपनं त्याचाही उपयोग करून घ्यावा. कोणी फाइल आणून दिली तर 'ही फाइल माझ्याकडे आहे' असं सांगता यावं. अ‍ॅप ठसे तपासेल, चांगले तुकडे ठेवेल आणि बिघडलेले तेवढेच नेटवरून आणेल. ६ जीबीतले दोन तुकडे खराब निघाले, तर फक्त ८ एमबी डाउनलोड करावे लागतील.

बिटटोरंटच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक फाइलचा स्वतंत्र ठसा असतो. त्यामुळे तीच फाइल दोन वेगळ्या टोरंटमध्ये असली तरी ओळखता येते. नव्या अ‍ॅपनं ही आवृत्ती वापरावीच. तिचं आणखी एक कारण आहे. जुन्या आवृत्तीतले ठसे एसएचए-१ या पद्धतीचे आहेत, आणि दोन वेगळ्या फाइलींचा एसएचए-१ ठसा सारखाच आणता येतो हे २०१७ मध्ये प्रत्यक्ष करून दाखवलं गेलं. दुसऱ्या आवृत्तीत एसएचए-२५६ वापरतात.

याच्या जोडीला एक छोटी पण कामाची सोय. बरेच पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचे असतात आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही, जागा ३२ जीबी रिकामी असली तरी! चार जीबी उतरवून झाल्यावर 'जागा नाही' असं सांगण्यापेक्षा अ‍ॅपनं सुरुवातीलाच तपासून सांगावं.

५. घरातल्या इतरांचं नेट अडवू नये

'काहून रे, नेट इतकं हळू काहून चालून राह्यलं?' टोरंट सुरू केलं की घरातून हमखास येणारा हा प्रश्न. याचं कारण बहुतेक वेळा डाउनलोड नसून अपलोड असतं. आपण जी माहिती घेतो, तिची पोचपावती परत पाठवावी लागते. अपलोडचा रस्ता अरुंद असतो. तो टोरंटनं भरून टाकला की पोचपावत्या रांगेत अडकतात आणि सगळंच मंद होतं. बैलगाड्यांनी अरुंद पूल अडवला तर पोस्टमनची सायकलही अडकते, तसं.

यावर उपाय निघालेला आहे. यूटीपी नावाच्या पद्धतीत अ‍ॅप सतत पाहतं की आपल्या माहितीला पोहोचायला किती उशीर होतोय. उशीर वाढू लागला, म्हणजे साधारण एक दशांश सेकंदापर्यंत गेला, की टोरंट स्वतःहून मागं सरतं आणि इतरांना वाट देतं. रस्ता मोकळा झाला की पुन्हा वेग घेतं. नव्या अ‍ॅपमध्ये हे हवंच, आणि अपलोडची मर्यादा सुरुवातीपासून थोडी कमी ठेवावी.

पण अपलोड पूर्ण शून्य करू नका. बिटटोरंटमध्ये 'देणाऱ्याला मिळतं' हा नियम आहे. जो आपल्याला चांगल्या वेगानं देतोय त्याला आपलं अ‍ॅप आधी देतं, आणि दर १० सेकंदांनी हा हिशेब पुन्हा पाहिला जातो. मग नव्यानं आलेल्यानं, ज्याच्याकडे द्यायला काहीच नाही, त्यानं काय करावं? त्याच्यासाठी दर ३० सेकंदांनी एखाद्या नव्या संगणकाला काहीही न मागता संधी दिली जाते. इर्जिकीसारखंच आहे हे. तुम्ही दुसऱ्याच्या शेतात गेलात तर तुमच्या शेतात माणसं येतात, पण नव्या शेजाऱ्याला पहिल्यांदा कोणी हिशेब विचारत नाही.

६. आधी दुर्मिळ तुकडा, पण गरज असेल तर ओळीनं

टोरंट फाइल सुरुवातीपासून ओळीनं घेत नाही. मोहोळात जो तुकडा सगळ्यांत कमी जणांकडे आहे, तो आधी घेतं. का? झेरॉक्सच्या उदाहरणावर परत या. सगळ्यांनी आधी १ ते १०० पानंच घेतली आणि सर शेवटच्या गाडीनं परतवाड्याला निघून गेले, तर पुढची १०० पानं कोणाकडेच राहणार नाहीत. दुर्मिळ पानं आधी पसरवली तर सर गेले तरी संच पूर्ण होतो.

पण विद्यार्थ्याला व्हिडिओ लगेच पाहायचा असतो. त्यासाठी 'ओळीनं घ्या' अशी सोय द्यावी, फक्त ती सुरुवातीला बंद असावी. देणारे भरपूर असतील तेव्हाच अ‍ॅपनं ती वापरू द्यावी, आणि देणारा एकच असेल तर 'आत्ता दुर्मिळ तुकडे आधी घेऊ' असं सुचवावं.

देणारा कोणीच नसेल तर? त्यासाठी वेबसीड ही सोय हवी. मोहोळ रिकामं असेल तर अ‍ॅप साध्या वेबसाइटवरून तेच तुकडे घेतं. इंटरनेट अर्काइव्हच्या टोरंटमध्ये ही व्यवस्था असते.

७. 'तुम्ही आता वाटत आहात' हे स्पष्ट सांगावं

हा मुद्दा नीट वाचा, कारण यात कायद्याचा प्रश्न आहे.

साध्या डाउनलोडमध्ये तुम्ही फक्त घेता. टोरंटमध्ये घेता घेता देताही. म्हणजे तुम्ही वितरक बनता, आणि ते बऱ्याच जणांच्या ध्यानातही येत नाही. २०१६ मध्ये 'ढिशूम' या हिंदी चित्रपटाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. गौतम पटेल यांनी एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट केली. कॉपीराइट कायद्याखाली नुसतं पाहणं हा गुन्हा नाही. परवानगीशिवाय वितरण करणं, जाहीर दाखवणं, विकणं किंवा भाड्यानं देणं हा गुन्हा आहे. आता विचार करा, टोरंट अ‍ॅप नेमकं काय करतं? वितरणच. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ मध्ये ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड, अशी शिक्षा आहे.

आणि यात नुकसान फक्त मुंबईच्या मोठ्या कंपन्यांचं होत नाही. २०१६ मध्येच 'सैराट'च्या चोरट्या प्रती प्रदर्शनानंतर लगेच मोबाइल-मोबाइलवर फिरल्या होत्या. मराठी चित्रपटाचा बाजार आधीच लहान, त्यात ही गळती.

म्हणून नव्या अ‍ॅपमध्ये अशी व्यवस्था असावी:

- पहिल्यांदा सुरू करताना एकच साधं वाक्य: 'ही फाइल घेताना तुमचा संगणक ती इतरांनाही देईल.'
- प्रत्येक टोरंटवर परवान्याची चिठ्ठी. टोरंट बनवणाऱ्यानं 'मुक्त परवाना', 'स्वामित्वहक्क संपलेला' किंवा 'माहिती नाही' असं लिहायचं. 'माहिती नाही' असेल तर अ‍ॅपनं सावध करायचं.
- आत्ता काय वाटलं जातंय याची यादी, आणि एका बटणात सगळं थांबवण्याची सोय.
- मोहोळातल्या प्रत्येकाला तुमच्या जोडणीचा आयपी पत्ता दिसतो, ही माहितीही लपवू नये.

मग वाटायला मोकळं काय आहे? भरपूर आहे! आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे संगणक शिकवणारे व्हिडिओ मराठीतही आहेत आणि ते मुक्त परवान्याखाली आहेत. विकिपीडिया आहे, उबुंटू आहे. जुनं साहित्यही आहे. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, आणि ती मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून होते. अकोला-खामगावला वकिली केलेले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर १९३४ मध्ये वारले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन आता सगळ्यांचं आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं निर्वाण १९६८ चं. म्हणजे कायद्याच्या हिशेबानं त्यांच्या हयातीत छापलेल्या ग्रंथांचा हक्क २०२८ संपेपर्यंत आहे. तोवर हक्कधारकांची परवानगी लागणार. अ‍ॅपमध्ये हा हिशेब करणारं छोटंसं गणकयंत्र दिलं, तर किती छान होईल!

८. अ‍ॅप स्वतः प्रामाणिक असावं

म्यूटोरंट हे एके काळचं सर्वांत लोकप्रिय अ‍ॅप. ते लहान होतं आणि जुन्या संगणकावरही पळायचं. पुढं त्यात जाहिराती आल्या. २०१५ मध्ये त्याच्यासोबत एपिक स्केल नावाचा प्रोग्राम येतो, आणि तो लोकांच्या संगणकाची ताकद वापरून आभासी चलन तयार करतो, अशी तक्रार झाली. वापरणारे संतापले आणि कंपनीला तो प्रोग्राम काढावा लागला. वीजबिल तुमचं, संगणक तुमचा, कमाई त्यांची!

दुसरी घटना मार्च २०१६ ची. ट्रान्समिशन हे चांगलं, मुक्तस्रोत अ‍ॅप आहे. पण कोणीतरी त्याच्या अधिकृत वेबसाइटवरच मॅकसाठीची बिघडवलेली प्रत ठेवली. त्यात कीरेंजर नावाचा खंडणीखोर प्रोग्राम होता. तो फाइलींना कुलूप लावून पैसे मागायचा. ट्रान्समिशनवाल्यांनी ती प्रत लगेच हटवली, पण धडा मोठा आहे.

यातून आपल्या अ‍ॅपसाठी नियम ठरतात. स्रोत खुला असावा. सोबत दुसरा कोणताही प्रोग्राम येऊ नये. जाहिराती नसाव्यात. प्रत्येक नवी आवृत्ती डिजिटल सहीची असावी आणि सही तपासल्याशिवाय अपडेट बसू नये. तसंच 'धडा५.एमपी४.ईएक्सई' अशा फसव्या नावाची फाइल दिसली तर मोठ्या अक्षरात इशारा द्यावा, कारण तो व्हिडिओ नसून प्रोग्राम असतो.

९. जुन्या संगणकावर चालावं आणि मराठी बोलावं

शाळेतले संगणक काही कालचे नसतात. २ जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क धरून चाला. अ‍ॅपनं एकाच वेळी शेकडो जोडण्या उघडल्या तर स्वस्त राउटरही दमतो. म्हणून जोडण्या मोजक्या, मेमरीचा वापर कमी आणि खिडकी साधी असावी. आयपीव्ही६ चालायलाच हवं, कारण आपल्याकडच्या बऱ्याच मोबाइल जोडण्यांत आयपीव्ही४ चा पत्ता अनेकांत वाटलेला असतो आणि बाहेरून थेट तुमच्यापर्यंत पोहोचता येत नाही.

भाषेबद्दल दोन गोष्टी. देवनागरी नावाच्या फाइली नीट दिसाव्यात, शोधता याव्यात आणि क्रमानं लागाव्यात. 'धडा २' हा 'धडा १०' च्या आधी आला पाहिजे! आणि मराठी शब्द समजतील असे असावेत. 'समवयस्क संख्या' असं कोणी लिहिलं तर कोणाला काय कळणार? त्यापेक्षा 'देणारे ५, घेणारे १२' हे चौथीतलं पोरगंही वाचेल. ज्यांना नीट दिसत नाही अशा विद्यार्थ्यांसाठी सगळी बटणं कीबोर्डनं चालावीत आणि स्क्रीन वाचणाऱ्या प्रोग्रामला समजावीत.

एवढं सगळं एकदम जमेल का?

नाही, आणि तशी गरजही नाही. बिटटोरंटचं इंजिन शून्यापासून लिहायला बसू नका. लिबटोरंट नावाची मुक्तस्रोत लायब्ररी उपलब्ध आहे. क्यूबिटटोरंट आणि डेल्यूज ही अ‍ॅप्स तिच्यावरच उभी आहेत. स्थानिक शोध, यूटीपी, दुसरी आवृत्ती, वेबसीड हे सगळं तिच्यात आहे. तुमचं काम वरच्या थराचं: डेटाचा हिशेब, मराठी खिडकी, परवान्याची चिठ्ठी, पेनड्राइव्हची तपासणी आणि योग्य सुरुवातीच्या सेटिंग.

शेवटचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. बहुतेक माणसं सेटिंग कधीच उघडत नाहीत. अ‍ॅप बसवताना जे असतं, तेच शेवटपर्यंत राहतं. त्यामुळे 'सोय आहे, पण बंद आहे' याचा अर्थ आपल्या विद्यार्थ्यासाठी 'सोय नाही' असाच होतो. म्यूटोरंटची सोबत आलेली गोष्टही अनेकांकडे अशीच 'पुढे, पुढे' दाबत बसली होती. सुरुवातीची सेटिंग ठरवताना वेगवान नेटवाला माणूस डोळ्यांसमोर ठेवू नका. वडिलांच्या हॉटस्पॉटवर, वीज जाईल या धाकात, जुन्या संगणकावर अभ्यासाचा व्हिडिओ उतरवणारी मुलगी डोळ्यांसमोर ठेवा. तिला चाललं तर सगळ्यांना चालेल.

वेळ कमी असेल तर तीनच गोष्टी आधी करा: डेटाची मर्यादा, लॅनवरची देवाणघेवाण आणि 'तुम्ही वाटत आहात' ही सूचना. पहिलीनं घरचा पैसा वाचतो, दुसरीनं शाळेचा वेळ, आणि तिसरीनं तुम्ही स्वतः.

स्वाध्याय

१. तुमच्या शाळेत १५ संगणक आहेत आणि नेट २० एमबीपीएसचं आहे. ४ जीबीची फाइल सगळ्यांवर हवी आहे. प्रत्येकानं वेगळं डाउनलोड केलं तर किती वेळ लागेल? लॅनवर वाटून घेतलं तर साधारण किती?

२. ८ जीबीच्या फाइलचे ४ एमबीचे तुकडे किती होतील? प्रत्येक ठसा २० बाइटचा असेल तर सगळे ठसे किती जागा घेतील?

३. सगळ्यांनी अपलोड शून्य केलं तर मोहोळाचं काय होईल? झेरॉक्सच्या उदाहरणानं ५ ओळींत लिहा.

४. तुमच्या आवडत्या तीन दिवंगत मराठी लेखकांची मृत्युवर्षं शोधा आणि त्यांच्या हयातीत छापलेल्या पुस्तकांचा स्वामित्वहक्क कधी संपतो किंवा संपला ते काढा.

५. 'सीडर', 'स्वार्म', 'मॅग्नेट लिंक' आणि 'ट्रॅकर' यांना आपल्या घरी बोलतात तसे सोपे शब्द सुचवा. आजीला समजला तर शब्द पास!